पाचवा वर्ग

(बपेरा, जि. भंडारा येथे तरुणांसमोर केलेले भाषण. बोलले तसेच छापले आहे. तेच ते आलेले तेवढे गाळले आहे.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलं. मी आज कविता वाचणार नाही. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो, दहावी पास आहे, आणि इथून दूर नसलेल्या एका गावचा आहे. गावाचं नाव घेत नाही. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची सुटतात, आणि मला कुणालाच सोडायचं नाही.

मला एका शब्दाबद्दल बोलायचंय. शब्द आहे आकृतिबंध. मुंबईत एका समीक्षकानं माझी कविता वाचली आणि म्हणाला, अनुभव जळजळीत आहे पण आकृतिबंध नाही. मी हसलो. त्याला वाटलं मला टीका लागली. मला हसू वेगळ्याच गोष्टीचं आलं. हाच शब्द मी लहानपणी ऐकला होता, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. सचिव माझ्या बापाला सांगत होता, ‘तुमचं पद आकृतिबंधात बसत नाही.’

माझी कविता बसत नाही, माझा बाप बसत नाही. मग ही आकृती कुणाच्या मापानं काढली?

माझा बाप पंचायतीचा नळवाला. बावीस वर्षं. पहाटे चारला मोटर चालू करायची, टाकी भरायची, टीसीएल पावडर मोजून टाकायची, नळाच्या पाण्याची ओटी करायची. पिवळा रंग आला तर पाणी बरं. पाइप कुठं फुटला ते तो बांबूची काडी जमिनीला लावून, कान देऊन सांगायचा. खोदलं की तिथंच निघायचं. दुपारी नाल्या काढायच्या, कारण पंचायतीत दुसरा माणूस नाही. रात्री दिवाबत्ती. तीन माणसांचं काम एकट्याच्या अंगावर, आणि कागदावर तो एकही माणूस नाही. त्याचं नाव हजेरीपटावर नव्हतं. महिन्याला एका पावतीवर अंगठा घ्यायचे. त्याला सही येत होती, तरी अंगठा. त्या पावतीचं सदर मी दहावीत असताना वाचलं : किरकोळ खर्च.

माझा बाप किरकोळ खर्च होता.

मी विचारलं, बा, तू नोकरीवर आहेस की नाही? तो म्हणाला, ‘मी टेम्परवारी आहो गा बापू. पर कायमचा टेम्परवारी.’

आता ही नोकऱ्यांची उतरंड नीट समजून घेऊ. तुमच्यातले अर्धे जण अभ्यासिकेत बसून तिचीच तयारी करताय.

सरकारी नोकरीत चार वर्ग. आधी म्हणायचे वर्ग एक, दोन, तीन, चार. आता म्हणतात गट अ, ब, क, ड. आपल्याकडे जिल्हा परिषदा १९६२ साली सुरू झाल्या, १९६१ च्या कायद्यानं. वरचे साहेब राज्य सरकार पाठवतं. जिल्हा परिषदेची स्वतःची सेवा म्हणजे मुख्यतः तिसरा आणि चौथा वर्ग, आणि त्यांच्या भरतीचे नियम १९६७ चे. ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक, कनिष्ठ सहायक हे तिसऱ्यात. परिचर चौथ्यात. ह्या चौघांना नियम आहे, सेवापुस्तक आहे, वेतनश्रेणी आहे, ज्येष्ठता यादी आहे, काढायचं तर चौकशी आहे. ह्यालाच गुणवत्तेची सेवा म्हणायचं. जाहिरात, परीक्षा, यादी, नेमणूक.

आता पंचायतीच्या ओट्यावर या. खुर्चीवर बसलेला सचिव जिल्हा परिषदेचा, तिसऱ्या वर्गातला. २०२४ मध्ये त्याचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी करायचं ठरलं. त्याच्या समोर उभा असलेला शिपाई, नळवाला, झाडूवाला हे जिल्हा परिषदेचे नाहीत, सरकारचे नाहीत. ते पंचायतीचे ‘सेवक’. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीला नोकर नेमायचा अधिकार दिला आहे, त्यातून आलेले. आकृतिबंधात मंजूर झाला तर त्याच्या पगारात शासनाचा वाटा. तो वाटाही कित्येक वर्षं वसुलीच्या टक्क्याशी बांधलेला. म्हणजे गावानं घरपट्टी नाही भरली तर झाडूवाल्याच्या घरची चूल थंड. कलेक्टरचा पगार जिल्ह्याच्या वसुलीवर कधी अडल्याचं ऐकलंय तुम्ही?

आणि आकृतिबंधातही नसला, तर माझा बाप.

त्याच ओट्यावर आणखी कोण? संगणकवाला पोरगा. २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून हे काम कंपनीमार्फत. अंगणवाडीताई : मानधन. आशाताई : कामावर मोबदला, कागदोपत्री स्वयंसेविका. कोतवाल : मानधन. हे सगळे चार वर्गांच्या बाहेरचे. सरकार ज्यांच्या हातापायांनी गावात पोचतं, ते सरकारच्या एकाही वर्गात नाहीत.

दोस्तांनो, वर्ण चार होते. आपण चौथ्यातही नव्हतो, आपण चौकटीच्या बाहेर होतो. पंचम. आज वर्गही चार. आणि बाहेर पुन्हा पाचवा वर्ग. त्याला अक्षर नाही, आकडा नाही, फक्त शब्द आहेत : रोजंदारी, हंगामी, मानधनी, कंत्राटी, टेम्परवारी.

कुणी म्हणेल, हा योगायोग आहे, तू कवी आहेस, जुळवाजुळव करतोस. ठीक आहे. जरा इतिहास बघू.

तिकडं मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. पाटील, कुलकर्णी वरचे. महार खालचा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात हा कायदा बदलायला बिल आणलं. महाराला चोवीस तास राबवायचं आणि बलुत्यावर जगवायचं, ही कुठली सरकारी नोकरी, हा त्यांचा सवाल होता. ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला, आणि त्या कायद्याच्या नावातसुद्धा ‘कनिष्ठ’ हा शब्द होता. बघा, वर्गीकरण किती जुनं आहे.

आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. इथं मालगुजारी. इथं गावचा कोतवाल पुष्कळ ठिकाणी आपलाच माणूस. जागल्या तोच, निरोप्या तोच, मेलेलं ढोर ओढणारा तोच. १९५१ साली मालगुजार गेले. कोतवाल राहिला. तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देत, नोटिसा वाटत राहिला. चतुर्थ श्रेणी द्या, एवढी एकच मागणी घेऊन कोतवालांच्या पिढ्या मोर्चे काढत आल्या. २०२५ मध्ये त्यांना काय मिळालं? नवं नाव मिळालं. कोतवालाचा महसूल सेवक झाला. श्रेणी मात्र अजून मागणीपत्रातच आहे.

आपल्याला नावं बदलून देण्यात ही व्यवस्था फार उदार आहे.

आता गुणवत्तेचं बोलू. मेरिट. हा शब्द आपल्या तोंडावर फेकून मारतात म्हणून आपणही त्याच्यावर चिडतो. मी चिडत नाही. इंग्लंडात १८५४ साली नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी अहवाल दिला की नोकऱ्या वशिल्यानं नकोत, परीक्षेनं द्या. १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा लंडनला सुरू झाली. अमेरिकेत १८८१ साली नोकरी न मिळालेल्या एका माणसानं अध्यक्ष गारफिल्डला गोळी घातली, तेव्हा कुठं १८८३ मध्ये परीक्षेचा कायदा झाला. वशिला मोडायला परीक्षा आली, ही चांगलीच गोष्ट. परीक्षा नसती तर सरपंचाचा भाचा ग्रामसेवक असता आणि तुम्ही त्याच्या घरी धान कुटत असता. परीक्षेला जोड म्हणून प्रतिनिधित्व पाहिजे हे बाबासाहेबांनी ओळखलं. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा ठरल्या. मग संविधानात कलम १६ आलं. आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के. ह्या जागा आपण भिकेत मिळवलेल्या नाहीत.

माझं भांडण मेरिटशी नाही. माझा सवाल एवढाच आहे की मेरिट वरूनच का सुरू होतं आणि चौथ्या पायरीवर का संपतं?

गुणवत्तेच्या दाराची तऱ्हा बघा. जिल्हा परिषदेची जाहिरात २०१९ ला निघाली. पोरांनी पैसे भरले, वाट बघितली, आणि २०२२ मध्ये भरती रद्द. पुन्हा जाहिरात ऑगस्ट २०२३ ला, १९,४६० जागा, सगळ्या गट क च्या. फी खुल्यांना हजार, आपल्याला नऊशे. त्याच साली तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज. नऊशे रुपये म्हणजे रोवणीच्या किती दिवसांची मजुरी, हे ह्या समोर बसलेल्या बायांना विचारा. चार पदांना अर्ज केला तर बापाची बकरी जाते.

आणि झाडूला? झाडूला कुणी परीक्षा घेतली? नाली काढायला कुठल्या कंपनीनं पेपर काढला? तिथं जात हीच पात्रता होती. शंभर टक्के आरक्षण, आणि त्याच्याविरुद्ध कोर्टात कुणी गेलं नाही, कुणी रस्त्यावर बूटपॉलिश करायला बसलं नाही.

मला ह्या जागी थोडं थांबायचंय, कारण हे आपल्यालाही लागतं. नगरपालिका-महानगरपालिकांत लाड-पागे समितीच्या शिफारशींवर सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळते. १९७५ पासूनची सोय, २०२३ मध्ये नवीन आदेश निघाला, त्यावर कोर्टबाजी झाली. आई झाडू ठेवते, पोरगा उचलतो. त्या घरात चूल पेटते, म्हणून मी ह्या हक्काच्या विरुद्ध बोलणार नाही. जो बोलेल त्यानं आधी त्या घरात एक महिना राहावं. पण ज्या देशात साहेबाच्या पोराला परीक्षा आहे आणि झाडूवालीच्या पोराला वारसा, त्या देशाचं मेरिट मला पूर्ण मेरिट वाटत नाही.

पुढं ऐका. झाडूच्या मागं पगार आला, भविष्यनिर्वाह निधी आला, पेन्शन आली, तोवर काळ बदलला. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मग झाडूच कंत्राटात गेला. जागा कंत्राटात गेली की बिंदुनामावली लागू करणार कुणाला? एकटं पद असेल तिथं आरक्षण बसत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच सांगून ठेवलंय. पंचायतीत शिपाई एक, नळवाला एक. हिशेब तुम्हीच करा.

६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं आदेश काढला : नऊ कंपन्यांमार्फत माणसं घ्या. त्या आदेशात माणसांचे प्रकार किती? मोजा. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. चार! ह्यांचा हात चारच्या पुढं जातच नाही. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश मागं घ्यावा लागला. पण आदेश मागं गेला म्हणून कंत्राट मागं गेलं नाही. गोदीतही मी ठेकेदाराच्या टोळीत आहे. माझ्या पासवर लिहिलंय, अकुशल. जहाजाच्या पोटात ओल्या पोत्यांची थप्पी कशी लावायची की एकही सरकू नये, हे त्या पास देणाऱ्याला शिकवायला मला सहा महिने लागतील. माझा बाप काडी लावून जमिनीखालचं पाणी ऐकायचा. तोही अकुशल. कौशल्य कशाला म्हणायचं हे ज्याच्या हातात पेन आहे तो ठरवतो.

हे फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेत मेम्फिस नावाचं शहर. तिथले कचरा उचलणारे बहुतेक सगळे काळे. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस होता. दोघे जण कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात आडोशाला बसले. यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघे चिरडून मेले. पालिकेच्या कागदावर ते तासावरचे मजूर होते. पालिकेत ‘वर्गीकृत’ आणि ‘अवर्गीकृत’ असे दोन प्रकार, आणि हे अवर्गीकृत. म्हणून अपघाताची भरपाई लागू नाही. घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि मयताला ५०० डॉलर. अकरा दिवसांनी १,३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या छातीवर फलक होता, त्याचा अर्थ एवढाच : मी माणूस आहे. पगार किती ते नंतर, आधी हे. त्यांना साथ द्यायला मार्टिन ल्यूथर किंग आले आणि ४ एप्रिलला त्याच शहरात त्यांना गोळी घातली.

अवर्गीकृत. म्हणजे अवर्ण. समुद्रापलीकडचा शब्दसुद्धा आपल्याच घरचा निघाला.

कुणी म्हणतं, कोर्टात जा. जाऊ. पण कोर्टाचा रस्ता माहीत असू द्या. २००६ मध्ये उमादेवी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मागच्या दारानं आलेल्याला कायम करता येणार नाही, ते समान संधीच्या विरुद्ध आहे. सूट दिली ती एकदाच, आणि तीही मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांना. माझ्या बापाला कुणी मागच्या दारानं बोलावलं? ज्यानं बोलावलं त्यानंच. पुढचं दार त्यानंच बंद ठेवलं होतं. आणि पद मंजूर करणं कुणाच्या हातात होतं? त्याच्याच. म्हणजे गुन्हा मालकाचा, शिक्षा नोकराला, आणि कलम आपल्याच संविधानातलं.

पण भिंतीला भोकही पडतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला. पालिका म्हणायची, हे कंत्राटदाराचे, आमचे नाहीत. ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टात २,७०० सफाई कामगार कायम झाले. २०२२ मध्ये अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल आला. २० डिसेंबर २०२४ ला जग्गो नावाच्या सफाई करणाऱ्या बाईच्या खटल्यात कोर्टानं बजावलं की उमादेवीच्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं राबलेल्यांना हाकलता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद पालिकेच्या माळ्यांच्या बाजूनं तसाच निकाल लागला. अशा लढ्यांत एक गोष्ट कामी येते : कागद. हजेरीचा, पगाराचा, ओळखपत्राचा कागद. माझ्या बापाकडं तो नव्हता.

मागच्या पावसाळ्यात तो गेला. मी गोदीतून आलो. दहाव्यानंतर पंचायतीत गेलो, म्हटलं, बावीस वर्षं काम केल्याचा दाखला द्या. सचिव वाईट माणूस नव्हता. त्यानं मला पाणी दिलं. तेच पाणी, बापानं आणलेलं. म्हणाला, ‘तुझे वडील कर्मचारी नव्हते, आम्ही त्यांना कामाला बोलवत होतो.’ आणि सरपंच मागून म्हणाला, ‘तू लाग ना त्यांच्या जागी.’ जी जागा नव्हती, ती मला द्यायला निघाले होते!

मी नाही म्हटलं. बाहेर आलो आणि मला वाटलं मी जिंकलो. गाडीत बसल्यावर कळलं, मी एका पाचव्या वर्गातून दुसऱ्या पाचव्या वर्गात चाललोय. बापाच्या जागी दुसरा एक पोरगा लागला. आपल्याच वस्तीतला. त्याचीही पावती किरकोळ खर्चात निघते. माझ्या नाही म्हणण्यानं त्याचं काय भलं झालं? हे मी स्वतःला विचारतो. तुम्हीही विचारा.

म्हणून शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो. बपेऱ्यात, सिहोऱ्यात, तुमसरात, सगळीकडं करता येतील.

एक. ग्रामसभेत उठा आणि विचारा : ह्या गावात पंचायतीचं काम करणारे किती, मंजूर किती, हजेरीपटावर किती? लेखी मागा. देत नाहीत तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अर्ज दहा रुपयांचा, नऊशेचा नाही.

दोन. काम करणाऱ्यानं स्वतःची वही ठेवावी. तारीख, वेळ, काम. पंचायत हजेरी ठेवत नाही ना? आपण ठेवू. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी अभ्यासिकेतल्या पोरानं रोज पाच मिनिटं द्यावीत. चालू घडामोडीच पाठ करता ना? ही तुमच्या गावची चालू घडामोड.

तीन. किमान वेतन मागा. १९४८ चा कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली. कायद्याचं नाव बदललं, हक्क बुडाला नाही. पैसे रोख घेऊ नका, बँकेतून घ्या. बँकेचं पासबुक हा कागद आहे.

चार. जिल्हा परिषदेच्या तिसऱ्या-चौथ्या वर्गात ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के जागांची सोय आहे. पण ती नोंद असलेल्याला. नोंद नाही त्याला शिडीची पहिली पायरीच नाही. म्हणून आधी नोंद, मग बाकी सगळं.

आणि जे परीक्षा पास होऊन साहेब होतील, त्यांनाही सांगतो. व्हा. जरूर व्हा. १९५४ साली बाबासाहेब ह्याच भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि आपण त्यांना निवडून आणू शकलो नाही. त्याचं देणं अजून फिटलेलं नाही. ज्या दिवशी तुम्ही त्या खुर्चीत बसाल आणि किरकोळ खर्चाच्या पावतीवर सही करायला कुणी फाइल पुढं करील, त्या दिवशी पेन थांबवा. पावतीवरच्या अंगठ्याकडं बघा. त्याचं नाव विचारा, आणि ते हजेरीपटावर लिहा.

समीक्षकानं मला सांगितलं आकृतिबंध शिक. शिकतो. पण आधी हा दुसरा आकृतिबंध मोडून पुन्हा मांडू, ज्यात नळवाल्याला जागा असेल. मग माझ्या कवितेचं बघू.

जयभीम.